शहाणी मुलगी कुणाला म्हणायचं?

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त, बीड जिल्ह्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलणारी आपली मैत्रीण आरोग्य खात्यात परिचारिका आहे. तिच्या बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मुलींनो, बाईंनो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मावशींनो,

तुमच्या अधीक्षिका बाईंनी मला बोलायला विषय दिला, ‘विद्यार्थिदशेत घ्यायचे शहाणे निर्णय आणि चिकाटी’. चिठ्ठी वाचली आणि मला घामच फुटला. मी भाषणं करणारी बाई नाही. तीस वर्षांहून जास्त काळ उपकेंद्रात आणि दवाखान्यात सुया टोचत आले. पण विषयातल्या त्या ‘शहाण्या’ शब्दावर माझं मन अडकलं, म्हणून आले.

आपल्याकडं मुलीला शहाणी कधी म्हणतात, आठवून बघा. भावाला पोळी देऊन तिनं शिळी भाकरी खाल्ली की, ‘शहाणी गं माझी बाय’. धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर फिरली की शहाणी. आलेल्या स्थळाला मान खाली घालून हो म्हणाली की तर फारच शहाणी. मुलगा शहाणा झाला म्हणजे त्याला चार गोष्टी कळायला लागल्या, आणि मुलगी शहाणी झाली म्हणजे तिनं विचारणं सोडलं. आणि तीच मुलगी काही विचारायला लागली की मग ऐकायला मिळतं, ‘जास्त शहाणपणा करू नकोस’. म्हणून ‘शहाणे निर्णय घ्या’ असं तुम्हांला सांगायची मला भीती वाटते. त्याऐवजी मी माझंच सांगते. त्यातलं काय शहाणपणाचं होतं आणि काय नव्हतं, ते तुम्ही ठरवा.

माझा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. आई खडी फोडायच्या कामावर होती. पुढं आई आणि अण्णा दोघंही ऊसतोडीला जायला लागले. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना हे सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची. उचल आधीच घेतलेली आणि खर्चूनही झालेली असायची. नवराबायको मिळून एक कोयता. कारखान्यावर बाईचं वेगळं नाव नसतं, ती अर्धा कोयता असते. चौथीपर्यंत मी त्यांच्याबरोबर जात होते. शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव आणि मी फडात, वाढे गोळा करत.

पाचवीला आईनं ठरवलं की ही आता आजीजवळ गावात राहील आणि शाळा करील. का ठरवलं ते तिनं कधी सांगितलं नाही. मी एवढंच पाहिलं की मी राहिले म्हणून माझ्या जागी माझी धाकटी बहीण गेली. भाऊ वर्षाचा होता, त्याला फडात सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. मी दहा वर्षांची, ती सात वर्षांची. गाडी निघाली तेव्हा ती उसाच्या चुयट्यांच्या गाद्यांवर बसून मला हात करत होती. तिला गंमत वाटत होती. ती दुसरीत होती. पुढं ती तिसरीत गेलीच नाही.

हे मी पहिल्यांदाच सांगते आहे, कारण ‘मी खूप कष्ट केले आणि शिकले’ ही गोष्ट सगळेच सांगतात. माझ्या शिक्षणातली पहिली निवड माझी नव्हती आणि तिची किंमतही मी भरली नाही.

आता दहावीचं. मार्च १९८८ ला मी परीक्षेला बसले आणि नापास झाले. गणितात. बाकी विषय सुटले, बीजगणित-भूमितीनं घात केला. निकालाच्या दिवशी मी गोठ्यात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. आठच दिवसांत स्थळ आलं. मुकादमाच्या नात्यातला मुलगा. लग्न लागलं की नवा कोयता तयार, नवी उचल मिळणार, त्यात लग्नाचा खर्च भागणार. हिशेब चोख होता. मी सोळा वर्षांची होते. मुलीचं लग्नाचं वय अठरा, हा कायदा १९७८ पासूनच होता. पण आमच्या गावात तो कुणी विचारला नाही, आणि मलाही तो ठाऊक नव्हता.

मी बंड वगैरे केलं नाही. मी अण्णांना म्हणाले, ‘मला ऑक्टोबरला बसू द्या. तेव्हाही नापास झाले तर तुम्ही म्हणाल तिथं उभी राहते.’ त्या काळी मार्चला नापास झालेली मुलं ऑक्टोबरला बसायची, ‘ऑक्टोबरची वारी’ म्हणून लोक हसायचे. अण्णा काही बोलले नाहीत. बोलली ती आजी. ती म्हणाली, ‘आखाडी तोंडावर आलीय. आता तुळशीचं लगीन लागल्याबिगर मुहूर्त न्हाई. पोरगी मोकळी बसंल त्यापरीस पुस्तक घिऊन बसंल. तुमचं काय जातंय?’

आजीला अक्षर येत नव्हतं. स्त्रीमुक्ती हा शब्द तिनं ऐकला नव्हता. पण घरात कोणतं कारण चालतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ‘मुलीला शिकू द्या’ असं ती म्हणाली असती तर कुणी ऐकलं नसतं. चातुर्मास म्हणाली आणि सगळे गप्प झाले. मला चार महिने मिळाले.

मिळालेल्या चार महिन्यांचं करायचं काय? मी गणिताचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडायची, तिसऱ्या पानावर रडायची आणि पुन्हा पहिलं पान काढायची. यालाच मी चिकाटी समजत होते. शेवटी आजीनंच मला शाळेतल्या गुरुजींच्या घरी काकूंकडं नेलं. काकू जुन्या मॅट्रिक झालेल्या होत्या. पुढं शिकायचं होतं, पण लग्न झालं आणि राहिलं. दुपारी जेवणं झाली की दोन तास त्या मला शिकवायच्या आणि मी त्यांचं धान्य निवडून द्यायची. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडून सगळी जुनी वही तपासून घेतली आणि मला काय येतं ते आधी लिहून काढायला सांगितलं. ‘न येणारं नंतर बघू. येणारं आधी पक्कं करू, त्यावर निम्मा पेपर उभा राहतो.’ मला वाटलं होतं मला काहीच येत नाही. यादी केली तर दीड पान झालं. त्यानंतर रोज एकच प्रकारची उदाहरणं, चुकलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि दर रविवारी घड्याळ लावून अख्खा पेपर.

डिसेंबरात निकाल लागला तेव्हा घरात फक्त आजी होती, आई-अण्णा कारखान्यावर गेले होते. मी पास झाले होते. आजीनं गावात साखर वाटली. स्थळ तोवर दुसरीकडं जुळलं होतं. त्या मुलीचं वय माझ्याएवढंच होतं. हेही सांगायला हवं.

आज १० वी नापास झालेल्या मुलीला ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागत नाही, जून-जुलैत पुन्हा परीक्षा होते. शाळा सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. वाटा आहेत. पण निकाल आणि पुढची परीक्षा यांच्या मधले जे दिवस असतात ना, तेच मुलीच्या आयुष्यातले सगळ्यांत धोक्याचे दिवस. त्या दिवसांत कुणी आजी, कुणी काकू तिच्या बाजूला हवी. एकटीनं दात-ओठ खाऊन काही होत नाही.

आज सावित्रीबाईंची जयंती आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्या शिकवायला निघाल्या की लोक शेण टाकायचे, हे तुम्हांला पाठ आहे. त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जायच्या असं सांगतात. मला त्या गोष्टीत शेणापेक्षा दुसरं लुगडं मोठं वाटतं. उद्या पुन्हा शेण पडणार हे गृहीत धरून त्यांनी व्यवस्था केली होती. चिकाटी म्हणतात ती मला अशीच दिसते.

रखमाबाईंचंही तसंच. अकराव्या वर्षी लग्न झालं. पुढं नवऱ्यानं नांदायला यावं म्हणून १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली आणि नंतर त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. एवढी धाडसी बाई, पण तिच्याही मागं तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते, मुंबईत तिच्यासाठी समिती उभी राहिली होती, शिक्षणासाठी लोकांनी पैसे जमवले होते. म्हणजे मदत मागितली म्हणून कुणाची जिद्द कमी होत नाही.

दहावीनंतर सगळे म्हणाले, बारावी कर आणि डी.एड. कर, मास्तरीण हो. मला आवडलं असतं. पण अकरावी-बारावीची दोन वर्षं तालुक्याला जायला एस.टी.चे पैसे कुठून आणायचे? तेव्हा दहावीवर सहायक परिचारिकेचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम होता, राहायची सोय आणि थोडं विद्यावेतन होतं. मी तिकडं गेले. लहानपणापासून रुग्णसेवेचं स्वप्न होतं असं मी सांगणार नाही. मला लवकर पायावर उभं राहायचं होतं आणि त्या वेळी तोच दरवाजा उघडा होता. नोकरी लागल्यावर बाहेरून बारावी केली, मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले. लग्न चोविसाव्या वर्षी केलं, पगार माझ्या खात्यात जमा व्हायला लागल्यावर. पुस्तकं रात्रपाळीला वाचली. बाळंतपणाच्या टेबलाशेजारी बसून मी इतिहासाच्या नोट्स काढल्या आहेत.

आता काळ बदललाय. सहायक परिचारिकेलाही बारावी लागते. अभ्यासक्रम पुष्कळ झाले आणि दुकानंही पुष्कळ झाली. गेल्या काही वर्षांत आमच्या दवाखान्यात काम मागायला आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. बापानं शेत गहाण टाकून तिला परिचर्येच्या एका खासगी संस्थेत घातलं होतं. दोन वर्षांनी प्रमाणपत्र मिळालं. पण संस्थेला परिषदेची मान्यताच नव्हती. त्या कागदाचा उपयोग काही नाही. मुलीनं अभ्यास मन लावून केला होता, चिकाटीत ती कुठं कमी पडली नव्हती. म्हणून प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिला, मान्यता कुणाची आहे? ती संस्थेच्या भिंतीवर वाचू नका, परिषदेच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत स्वतः बघा. दुसरा, शेवटच्या वर्षापर्यंत एकूण खर्च किती? जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला, त्यानुसार वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास किंवा इतर मागास वर्गात बसणाऱ्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण खोलीचं भाडं आणि डबा माफ होत नाही, तो हिशेब आधी मांडा. तिसरा, दोन वर्षांपूर्वी इथून पास झालेली मुलगी आज काय करते? तिला शोधून भेटा. ती सांगेल ते माहितीपत्रकात नसतं.

एक चूक सांगते. प्रशिक्षणाला असताना माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला कार्यालयातला एक माणूस त्रास द्यायचा. विद्यावेतनाच्या सहीसाठी एकटीला बोलवायचा, उशिरा बोलवायचा. तिनं मला सांगितलं. मी तिला म्हणाले, ‘गप्प बस, वर्षभराचा प्रश्न आहे, घरी कळलं तर शिक्षण बंद करतील.’ हे मी शहाणपण म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी ती सामान घेऊन गेली ती परत आली नाही. मी पास झाले. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती हे खरं. विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा आणि महाविद्यालयांत विद्यार्थिनींसाठी तक्रार समितीचे नियम २०१५ चे. पण आम्ही खोलीत सहाजणी होतो. सहाजणी मिळून तिच्याबरोबर सहीला गेलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. त्याला कायदा लागत नव्हता. आज तुमच्या महाविद्यालयात समिती असायलाच हवी. तिच्यातल्या बाईंचं नाव आणि फोन नंबर आधीच माहीत करून घ्या, गरज पडल्यावर शोधू नका.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी, नर्स म्हणून. परीक्षेच्या दिवशी उपास करू नका. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायका-मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. चक्कर येते ती अभ्यासाच्या ताणानं नाही, पोट रिकामं आणि हिमोग्लोबिन आठ, म्हणून येते. लोहाच्या गोळ्या मिळतात त्या गादीखाली ठेवू नका, खा. स्वतःच्या नावाचं बँक खातं ठेवा, शिष्यवृत्ती त्यात येऊ द्या. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार हे सगळे कागद एका पिशवीत, आणि त्या पिशवीची जागा तुम्हांला माहीत हवी. लग्न झालेल्या किती मुली माझ्याकडं येतात, दहावीची गुणपत्रिका माहेरी, दाखला सासऱ्याच्या पेटीत, आणि नाव तीन ठिकाणी तीन प्रकारचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. कागदावर जे आहे ते राहू द्या.

आता धाकटीचं सांगते आणि थांबते.

तिचं पंधराव्या वर्षी लग्न झालं. ती आणि तिचा नवरा, एक कोयता. बत्तिसाव्या वर्षी तिनं गर्भपिशवी काढून टाकली. पाळीच्या दिवसांत पोट दुखायचं, एक दिवस घरी बसलं की खाडा पडायचा, पैसे कापले जायचे. एका खासगी डॉक्टरनं काढून टाका म्हटलं, हिनं काढून टाकली. मी नर्स. माझ्याकडं ती विचारायला आली नाही. मी नंतर रागावले तेव्हा ती म्हणाली, ‘तुला इचारायला यायचं तर दोन दिवस मोडले असते. आन् तू शिकलेली, मला काय समजलं असतं?’ २०१९ मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिकजणींनी गर्भपिशवी काढलेली निघाली. पेपरात तो आकडा वाचला तेव्हा मला त्यात एकच बाई दिसत होती, चुयट्यांवर बसून हात करणारी.

तिची मुलगी मात्र शिकली. धाकटीनं स्वतः ठरवलं आणि तिला हंगामी वसतिगृहात, नंतर माझ्या घरी ठेवलं. मला वाटलं होतं मी तिच्यावर उपकार करते आहे. पहिल्याच दिवशी धाकटी मला म्हणाली, ‘तिला ठेव. माझी जागा तिला दे.’ मी काही बोलू शकले नाही. ती पोरगी आता परिचर्येच्या पदवीला आहे, तिसऱ्या वर्षात.

तर मुलींनो, तुम्ही इथं आहात म्हणजे तुमच्या जागी कुणीतरी कुठंतरी काम करते आहे. आई असेल, बहीण असेल. त्याचं ओझं घेऊन रडत बसा असं मी म्हणत नाही, तिला त्याचा उपयोग नाही. तिला पत्र लिहा, फोन करा, तिला तिचं नाव लिहायला शिकवा, दुखलं तर आधी मला विचार असं सांगून ठेवा. शिकलेली मुलगी घरच्यांना परकी वाटली तर तिच्या शिक्षणाचा घराला काय फायदा?

शेवटचं काम आजचंच आहे. दिवाळीच्या सुट्टीला या वसतिगृहातून जेवढ्या मुली घरी गेल्या तेवढ्या परत आल्या का? बाईंना मी मघाशी विचारलं. त्या म्हणाल्या, काही आल्या नाहीत. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत विशीतल्या बायकांना लग्नाचं वय विचारलं, तेव्हा महाराष्ट्रात शंभरातल्या २२ जणींचं अठराच्या आत झालेलं निघालं; आपल्या बीडमध्ये ४० हून अधिकजणींचं. त्या आकड्यातल्या मुली अशाच सुट्टीला जातात. आज रात्री जेवणं झाली की बसा आणि यादी करा. नाव, गाव, कुणाची मैत्रीण. जिला फोन लागेल तिला फोन करा. जिचं लग्न ठरलं असेल तिच्यासाठी १०९८ आहे, ग्रामपंचायत अधिकारी आहे, मी आहे. माझा नंबर बाईंकडं आहे. उद्या दुपारी माझी पाळी सुटते, तेव्हा मी यादी न्यायला येते.